वजनकाटा

मित्राने दोन जणांचं विमान विकून सहा जणांचं घेतलं. "आता वीस वर्षं बदलायचं नाही. सगळं घर एकदम उडेल," तो म्हणाला. हार झाले, नारळ फुटला, भाषणही झालं. मग त्याने घरचा वजनकाटा बाहेर काढला; लहान विमानात कोणी कुठे बसायचं, हे वजनावर ठरतं.

त्याची आई काट्यावर उभी राहिली.

"आई, दिवाळीपेक्षा सहा किलो कमी? जेवत नाहीस का?"

"तुझ्या विमानाला बरंच की रे!"

वीस वर्षांचे बेत आपण यंत्राकडे बघून करतो, माणसांकडे बघून नाही.

त्याने आईला शेजारी बसवलं आणि तिचा पट्टा आवळला. शेवटपर्यंत आवळला, तरी तो सैलच राहिला.