भावाच्या दारातला प्रचार

हसनमियां गेल्याचा निरोप मला हातखंब्याला, देवरूखच्या गाडीची वाट पाहत असताना मिळाला. तसाच मागे फिरलो. आज महिना होऊन गेला, पण त्यांचं एक वागणं मला अजून पुरतं उलगडलेलं नाही...

नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या पक्षाने त्यांच्या थोरल्या भावाला, इब्राहिमभाईंना, तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले, म्हणून पक्षातून त्यांना काढलं. हसनमियां वॉर्डाचे प्रमुख, मी चिटणीस. बैठकीत पुढारी म्हणाले, "भावाचं काम करायचं असेल तर आत्ताच राजीनामा द्या." हसनमियां एवढंच बोलले, "तिकीट भावाला द्या, म्हणून मीच भांडलो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत. आता ठरलं ते ठरलं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या उमेदवाराला घेऊन ते आमच्या वॉर्डात, राजिवड्यात, घरोघर फिरले. एकही घर वगळलं नाही. भावाचंही नाही! मी बाही ओढली, तरी त्यांनी कडी वाजवलीच. भाबींनी दार उघडलं.

"मत मागायला आलास, की जेवायला?"

"मतच मागायला, भाबी."

आतून इब्राहिमभाई ओरडले, "त्याला सांग, बांगडा मिळेल, मत नाही!"

हसनमियां हसले, सलाम करून निघाले. मग पुढच्या घराची कडी वाजवली.

इब्राहिमभाई थोडक्या मतांनी पडले. आमची माणसं गुलाल उधळत होती, तेव्हा हसनमियां भावाच्या घरी गेले. दार उघडलं नाही. पुढे ईदलाही उघडलं नाही. एकदा धीर करून मी विचारलं, "तुमचं स्वतःचं मत कुणाला दिलंत?"

"लोकांकडे ज्याच्यासाठी मागितलं, त्यालाच. पण वामनराव, बरोबर केलं का, ते विचारू नका."

शेवटच्या दुखण्यात इब्राहिमभाई आपणहून आले. रोज उशाशी बसत. दोघांत काय बोलणं झालं, कोण जाणे.

गेल्या रविवारी पक्षाच्या वॉर्ड-कचेरीत ते गेल्यानंतरची पहिली बैठक होती. ती खोली उघडून, झाडून जाजम घालणं हे हसनमियांचं नेमाचं काम. आता कोण करणार, म्हणून मी लवकर गेलो, तर दार उघडं. इब्राहिमभाई ओणवे होऊन जाजमाच्या सुरकुत्या काढत होते. किल्ली भावानेच त्यांच्याकडे दिली होती. माणसं जमली तसे ते उठले.

"बसा ना," मी म्हटलं.

"मला काढलंय ना पक्षातनं? बैठकीत कसा बसू?"

आणि बैठक संपेपर्यंत ते बाहेर पायरीवर बसून राहिले.