आजोबांच्या तीन सुऱ्या आणि कवठे महांकाळचा छाप

आजोबांच्या मागे माझ्या वाट्याला तीन सुऱ्या आल्या. वाट्याला आल्या म्हणजे बाकी कुणालाच नको होत्या. आजोबा पोस्टात होते. बदलीच्या गावी आठवडी बाजारात हाताने घडवलेली सुरी दिसली की घेऊन यायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शिंगाच्या मुठी, पात्यावर काळसर थर. आईने एकदा त्या राखेने घासायला घेतल्या, तर आजोबा भरल्या ताटावरून उठले होते. या सुऱ्या कुणी घडवल्या हे शोधायला मी नवरात्रात चार दिवसांची सुट्टी टाकली आणि सुऱ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून निघाले.

स्वारगेटहून साताऱ्याला एसटी भरपूर आहेत, आगाऊ तिकिटाची गरज नाही. खंबाटकीला गाडी रेंगाळली तरी अकराच्या आत पोचले. साताऱ्यात जुनी शस्त्रं जमवणारे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी आधी चहा दिला, मग भिंग काढलं आणि मुठीजवळ तांदळाच्या दाण्याएवढी खूण दाखवली. चंद्रकोर आणि एक ठिपका. तिन्ही सुऱ्यांवर तीच. इतकी वर्षं सुऱ्या घरात होत्या आणि मला पत्ता नव्हता.

"कवठे महांकाळचा एक कारागीर चंद्राचा छाप मारायचा, एवढंच मी ऐकून होतो. आज डोळ्यांनी बघतोय," सर म्हणाले. "त्याचा मुलगा दस्तगीर तिथे वेल्डिंगचं दुकान चालवतो. पाच वर्षांचा असताना बाप गेला. चुलत्याने भट्टीपासून सगळं भंगारात घातलं. बापाच्या हातची एक वस्तू बघायला मिळावी म्हणून किती वर्षं माझ्या मागे लागलाय. त्याला आत्ताच फोन करतो. आणि मी याचा एक फोटो काढू?"

मी नको म्हटलं. कारण सांगायला लाज वाटते. मला वाटलं, हा माणूस फोटो दाखवून कुणाकडून नकली सुऱ्या बनवून घेईल. सर एवढंच म्हणाले, "मर्जी तुमची. फक्त घासू नका. तेलाचं बोट फिरवा, बास."

संध्याकाळी सांगलीत पोचले. पेठ नाक्यापासून पुढच्या रस्त्याने कंबरडं मोडलं. पाठीचा त्रास असेल तर मिरजेपर्यंत रेल्वेनेच या. सांगलीत मावसभाऊ विजूदादाकडे उतरले. तो कुपवाडच्या एका कारखान्यात आहे. वहिनीने भडंगाची परात पुढे ठेवली होती, मी त्यात गुंतलेली.

"उद्या खंडेनवमी हाय. आजोबांच्या सुऱ्या पुजंला ठिवू का?" दादाने विचारलं.

"ठेव की, बॅगेत आहेत," मी म्हणाले. पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. भूक लागली होती.

सकाळी उठून बघते तर पाटावर तीन सुऱ्या लखलखत होत्या. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. दादा पहाटेच कारखान्यात जाऊन त्यांना बफच्या चाकावर पॉलिश मारून आला होता.

"बघ, आरशागत झाल्यात का न्हाई?"

मी सुरी उचलून मुठीजवळ बघितलं. काहीच नव्हतं. तिन्हींवर काहीच नव्हतं. मी देवासमोर ओरडले, काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

"आगं, काळ्याकुट्ट पुजायच्या व्हय?" दादा कावराबावरा झाला. "आमी मशीनसुदीक चकचकीत केल्याबिगर कुंकू लावत न्हाई. मला काय ठावं?"

त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. माझ्या मोबाइलमधल्या फोटोंत छाप दिसेल असा एकही नव्हता. सरांना फोन केला. ते म्हणाले, "कोर होती आणि ठिपका होता. कोर कुठल्या बाजूला उघडी, ठिपका आत की बाहेर, नाही सांगता येणार. म्हणून तर फोटो म्हणत होतो."

दसऱ्याच्या दिवशी मिरजेवरून एसटीने कवठे महांकाळ गाठलं. तोंड चुकवून पुण्याला परतावं असं फार वाटलं, पण सरांचा दस्तगीरना फोन गेला होता. सत्तरी ओलांडलेले दस्तगीरचाचा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाबाहेर उभे होते. मिरजेला दिलेली मुलगी शबाना खास आली होती. मी सुऱ्या पुढे केल्या आणि काय झालं ते सांगितलं. चाचांनी एकेक सुरी उन्हात धरून बघितली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"यातली एक तुम्ही ठेवा," मी म्हणाले.

"न्हाई ताई. ही कुणाची बी असंल आता. बापाची म्हणून घरात कशी ठिवू?" मग ते उकिडवे बसले आणि खिळ्याने मातीत दोन चंद्र काढले. एक डावीकडे उघडा, एक उजवीकडे. "तुमी बघितलाय न्हवं? ह्यो का ह्यो?"

शबाना माझ्या तोंडाकडे बघत होती. मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. मी डावीकडे उघड्या चंद्रावर बोट ठेवलं.

"आन् ठिपका?"

"आत," मी म्हणाले.

चाचांनी खिळ्याने आत ठिपका काढला आणि दुसरा चंद्र तळव्याने पुसून टाकला. "लय उपकार झालं, ताई." त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुण्यात येऊन आता तीन आठवडे झाले. सुऱ्या कपाटात आहेत, बाजारातल्या नव्यासारख्या. कुणी घडवल्या हे मला कळलं, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे अशा सुऱ्या असतील तर आजच्या आज जवळून फोटो काढून ठेवा. माणसावर संशय घ्यायचाच तर नंतर घ्या.

काल शबानाचा मेसेज आला, सोबत फोटो. चाचांनी दुकानाच्या लोखंडी दारावर हातभर चंद्र वेल्डिंगने जोडलाय. डावीकडे उघडा, ठिपका आत. "अब्बा नातवंडांना दाराजवळ नेऊन सांगतात, ह्यो आपल्या घरचा छाप," असं तिने लिहिलं होतं.

मी "खूप छान" असं उत्तर पाठवलं.