म्हशीने खाल्लेले इंधन

मी आजवर लिहिलेल्या पत्रांपैकी एकच पत्र मागे घेतले. ते एका म्हशीविरुद्ध होते.

प्रकरणाचे मूळ मात्र म्हशीत नव्हते, पेट्रोलात होते. माझ्या मोटारीची इंधनाची रबरी नळी एका पावसाळ्यात दोनदा कुजली. कामशेतच्या मेकॅनिकने ती बोटांत चुरगळून दाखवली आणि म्हणाला, "काका, हल्ली पेट्रोलात उसाचं पाणी असतंय. जुन्या गाड्यांना सोसत न्हाई." मी पंपाच्या मालकास पत्र लिहिले. मी उसाचा रस मागितला नव्हता, पेट्रोल मागितले होते, असा त्याचा आशय होता. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. तिसऱ्या पत्रात मात्र माझा तोल सुटला आणि मी असे वाक्य लिहून बसलो: "वनस्पतीच जाळायची असेल तर ती माझ्या शेतातली असेल. यापुढे माझ्या शेतात उगवलेल्या इंधनाखेरीज माझ्या वाहनात काहीही जाणार नाही, याची नोंद घ्यावी."

पत्राच्या प्रती अकरा ठिकाणी पाठवल्या होत्या. त्यांतली एक स्थानिक साप्ताहिकाकडे गेली आणि त्यांनी ती चौकटीत छापली. माझ्या पत्नीला माझी प्रतिज्ञा तिथूनच कळली.

"अहो," ती साप्ताहिकाची घडी घालत म्हणाली, "मग लोणावळ्याला बहिणीकडे मी काय चालत जायचं?"

तिचे गुडघे दुखतात. तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे आणि दर पंधरवड्याला तिला भेटून येणे हा आमच्या घरातला एकमेव नियम असा आहे की जो मी केलेला नाही. मी म्हणालो, काही महिन्यांचा प्रश्न आहे. पुढचे दहा महिने ती आमच्या तिकोणा पेठेहून जीपने कामशेतला आणि तिथून पुढे लोणावळ्याला जात राहिली, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर माझ्यासमोर बसून गुडघ्यांना तेल चोळत राहिली.

उपाय कान्हे गावाच्या बाजूला उभा राहत होता. तिथे एक कारखाना हत्ती गवत आणि शेण एकत्र कुजवून त्याचा गॅस करणार होता आणि तो आवारातल्याच पंपावर गाड्यांत भरणार होता. मी बांधालगतच्या वीस गुंठ्यांत हत्ती गवत लावले. गाडीला गॅसची टाकी बसवून घेतली आणि मेकॅनिककडून ती थेट गॅसवर सुरू होईल अशी जोडणी करून घेतली. जुन्या टाकीतले उरलेले पेट्रोल मी लाखेने सीलबंद केले, कारण तो पुरावा होता.

कारखान्याचा व्यवस्थापक, पुण्याहून आलेला एक सौम्य इंजिनिअर, एका पानाचा करार घेऊन आला होता. मी वडगावच्या न्यायालयात आयुष्यभर लिपिक होतो. एका पानाचा करार मला उघड्या विहिरीसारखा दिसतो. मी तो नऊ पानांचा केला. कलम चार: "सदर पीक हे चारा नसून इंधन आहे." कलम सात: "ठरलेल्या क्षेत्रातील पहिली कापणी संपूर्ण न आल्यास करार रद्द समजावा." ही कलमे इतर शेतकऱ्यांच्या ढिलाईला आळा बसावा म्हणून होती. इतर शेतकऱ्यांनी एका पानाच्याच करारावर सह्या केल्या. आणि कलम नऊ माझ्यासाठी: पहिली कापणी पोचताच माझी गाडी त्याच आवारात भरून मिळेल.

कापणीला चार दिवस उरले असताना शेजारच्या मावशी शिरगावला दर्शनाला गेल्या. आमच्या वस्तीत सगळे त्यांना मावशीच म्हणतात, मीही. एकट्या राहतात, एक म्हैस आहे. त्या दिवशी मीही कामाने बाहेर होतो; म्हशीने दावे तोडले, बांध ओलांडला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या दोन पूर्ण ओळी खाल्ल्या.

संध्याकाळी मी बांधावर त्यांची वाट पाहत उभा होतो.

"मावशी, तुमच्या म्हशीने माझे इंधन खाल्ले."

"काय खाल्लं?"

"इंधन."

मावशींनी म्हशीचा जबडा धरून आत पाहिले. "गवात दिसतंय, भाऊ. राकेल पिऊन आली असती तर वास आला असता."

"ते गवत नाही. करारातले कलम चार तसे स्पष्ट सांगते."

"मला वाचता येत न्हाई आन् हिला बी न्हाई. कलमंच लावायची व्हती तर बोराची लावायची बांधाला. काटं बघून तरी आत शिरली नसती."

मी घरी येऊन अर्ज लिहिला. विषय: मोकाट म्हशीने केलेले इंधनाचे नुकसान व सदर म्हैस कोंडवाड्यात घालणेबाबत. दुसऱ्या दिवशी तो घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने छापील नमुना काढला, पेनाचे टोपण दाताने उघडले आणि विचारले, "नुकसान कशाचं लिहू, आबा? रकाने तीन आहेत. पीक, गवत, भाजीपाला."

"गवत लिहिलेत तर माझा करार बुडाला."

"मग पीक?"

"पिकात चाराही येतो. इंधन लिहा."

त्याने पेन खाली ठेवले. "म्हशीनं गाडीचं इंधन खाल्लं असं मी सहीनिशी वर पाठवलं, तर माझी बदली होईल. आणि ती चांगल्या गावाला नसेल."

"मग कोंडवाड्याचे काय?"

"कोंडवाड्यात घंटागाडी उभी असते."

मी त्याला अर्जाची पोच द्यायला लावली, आणि नेहमीप्रमाणे प्रती रवाना केल्या. एक तहसीलला, एक पोलीस चौकीला, आणि संबंधित म्हणून एक कारखान्याला.

ती शेवटची प्रत मी का टाकली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

व्यवस्थापकाचा फोन आला. "सर, खरं तर दोन ओळी कमी आल्या असत्या तर आम्हाला कळलंही नसतं. पण आता तुमचंच लेखी आलंय रेकॉर्डवर. कलम सातप्रमाणे करार रद्द होतो. आणि जनावरानं खाल्लं म्हणजे तो चारा झाला, म्हणजे कलम चारही आलंच. आमच्या लीगलवाल्यांनी सांगितलं, की इतका पक्का करार त्यांनी पाहिला नाही."

आयुष्यात प्रथमच कोणी माझ्या मसुद्याची स्तुती केली होती.

पत्नीने सगळे ऐकले होते. "प्रत कशाला पाठवलीत?" एवढेच तिने विचारले आणि ती तेलाची बाटली घेऊन ओट्यावर जाऊन बसली. गवत उभे होते, टाकी रिकामी होती, आणि येत्या पंधरवड्यालाही ती जीपमध्ये कोपऱ्यात अंग चोरून बसणार होती. मला माझ्या प्रती पाठवण्याच्या सवयीचा पहिल्यांदा राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात आल्या. सोबत शेणाने भरलेली तीन घमेली होती.

"हिनं तुमचं घेतलं ते हीच देती. त्यो कारखान्याचा साहेब सभेत म्हनला व्हता ना, गवात आन् शेण एकत्र कुजवायचं? मग निम्मं काम माझ्या म्हशीनं आदीच केलंय. आनखी लागंल तर उकिरड्यावर हाय."

मी उभा राहिलो. दोन ओळी नष्ट झाल्या नव्हत्या. त्यांचे केवळ स्वरूप बदलले होते. मला शब्द सुचू लागले. मी कागद ओढला.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "आदी त्यो अर्ज मागं घ्या. पंचायतीत वाचून दाखवला मला. त्यात माझ्या म्हशीला मोकाट म्हनलंय. तिला रोज मी हातानं धुती. नाव हाय तिला, दावं हाय, गोठा हाय. एक दिवस दावं तुटलं म्हनून मोकाट?"

"मावशी, तो कायद्यातला शब्द आहे."

"मग कायद्यातच बसा. मी घमेली नेती."

मी पत्र मागे घेत नाही. ज्या साहेबांच्या हाताखाली मी काम केले त्यांनीही मला ते कधी करायला लावले नाही. मी ओट्याकडे पाहिले. पत्नी गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि प्रथमच तिच्या नजरेत राग नव्हता, उत्सुकता होती. ते जास्त कठीण होते.

"अहो," ती म्हणाली, "खोडा एक शब्द."

मी आधी शब्दच खोडणार होतो. पण मोकाट नसलेली म्हैस कोंडवाड्यात घालता येत नाही, म्हणून विषयच उरला नाही, आणि विषय नसलेला अर्ज मी कार्यालयात राहू देऊ शकत नव्हतो. तो मागे घेण्याचा अर्ज केला. मग दुपारभर बसून कारखान्याला लिहिले: "सदर दोन ओळी कमी नसून त्या प्रक्रियेच्या पहिल्या टप्प्यातून पार पडल्या आहेत. सदर म्हैस ही चारा खाणारे जनावर म्हणून नव्हे, तर पुरवठादाराच्या वतीने इंधनावर प्राथमिक प्रक्रिया करणारी म्हणून गृहीत धरावी. सबब कलम चार व सात यांचा भंग झालेला नाही." माझ्या मते हे माझे सर्वोत्तम पत्र आहे. त्याची प्रत कोणालाही पाठवली नाही.

पत्र कारखान्यात पोचल्यावर तासाभरात व्यवस्थापकाचा फोन आला. "सर, मान्य. शेण आम्हाला हवंच असतं. फक्त पुढचं पत्र पाठवू नका." मी ती सशर्त स्वीकृती समजलो.

कापणीचा टेम्पो निघाला तेव्हा पुढे गवत होते, मागच्या फळीशी शेणाची घमेली होती आणि त्याच्या मागे दोराने बांधलेली माझी मोटार होती. तिला लाल फडके आणि "वाहन ओढून नेले जात आहे" अशी पाटी नियमाप्रमाणे लावली होती. स्टिअरिंगवर मी होतो, शेजारी पत्नी, आणि मागे, न विचारता, मावशी. त्यांच्या मांडीवर तुपाची बरणी होती. त्यांची लेक लोणावळ्यात दिली आहे.

"मावशी, तुम्ही कुठे?"

"निम्मा गॅस माझा हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काच खाली केली.

कामशेतच्या चौकात माणसे उभी राहून पाहत होती. मेकॅनिक दुकानातून बाहेर आला आणि त्याने हात जोडले. कान्ह्याला माल उतरला, वजन झाले, पावती झाली. पंपावरच्या माणसाने नळी लावली. फुस्स असा आवाज झाला. मी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

जुन्या हमरस्त्याने आम्ही लोणावळ्याकडे वळलो. कार्ल्याच्या पुढे रस्ता चढू लागला तसे मी पाय जरा दाबला. दहा महिन्यांत मी असा आनंद अनुभवला नव्हता. पत्नीने पाय पुढे लांब केले होते आणि ती बाहेर बघत होती.

तेवढ्यात मागून मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, चढाला जरा हळू घ्या. माझी म्हस दमंल."

मी गाडी हळू केली.