वांग्यांसाठी आगगाडी

वांगी आणायला आगगाडीने परगावी गेलेला ठाण्यातला पहिला माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही.

त्या दिवशी कांदेनवमी होती. एकादशीला चातुर्मास लागला की आमच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं चार महिने बंद. म्हणून नवमीला सारं गाव त्यांच्यावर तुटून पडतं. हे जेवढं मला ठाऊक, तेवढंच आमच्या दारी भाजी आणणाऱ्या माजिवड्याच्या रोजाबायलाही ठाऊक. तिने भाव दुप्पट सांगितला.

"काल अर्ध्यात देत होतीस!" मी ओरडलो.

"काल नवमी नव्हती, रावसाब."

"तू किरिस्तांव. तुला गं नवमीचं काय?"

"मला काय नाय. तुमालाच हाय, म्हणून तर भाव हाय!"

आळीतली माणसं हसली. मी कचेरीतला कारकून. मला हसायचा हक्क फक्त साहेबाचा!

"ऐक, रोजाबाय," मी गरजलो, "आजपासून तुझं वांगं या घरात येणार नाही! कल्याणच्या बाजारातून आणीन!"

आणि तरातरा स्टेशन गाठलं. (तिकिटाचा खर्च कोणी विचारू नये. बायकोने विचारला होता.) कल्याणला पोचेपर्यंत दुपार टळली, बाजार उठत आला होता. एक शेतकरी वांग्यांनी भरलेला हारा, ही भलीमोठी टोपली, पुढ्यात घेऊन बसला होता. भाव विचारला, तर म्हणाला, "काय द्यायचं ते द्या, पण हाऱ्यासकट न्या." माझा जीव हरखला. इतकी स्वस्त का, हे विचारायला मी काय वेडा होतो?

दिवेलागणीला हमालाने हारा ओटीवर उतरवला. माझी वाट पाहून पाहून घरच्यांनी नवमी नुसत्या कांद्यांवर भागवली होती.

बायको दारातूनच म्हणाली, "इकडून गावजेवण घालायचं ठरलंय का?"

"स्वस्त मिळाली!"

"मिळणारच," आई म्हणाली. "अरे शुंभा, परवा एकादशी! मग चार महिने कोण खातंय वांगी?"

"मग उद्याच्या उद्या संपवू!"

दशमी उजाडली. सकाळी भरीत, दुपारी भरली वांगी, तिसऱ्या प्रहरी काप, संध्याकाळी वांगीभात. मुलं रडायला लागली. मी मात्र माघार घेतली नाही, पोटात कळा येत होत्या तरी "वा, काय चव आहे!" म्हणत राहिलो. मग हाऱ्यात डोकावलो, तर निम्मी वांगी शिल्लक!

एकादशीला आईने फर्मावलं, "हे आधी घराबाहेर काढ!" शेजारी घेईनात, त्यांचाही चातुर्मास. गाईपुढे टाकली; तिनेही दोन खाऊन तोंड फिरवलं. एवढ्यात रताळ्यांची पाटी घेऊन रोजाबाय आली.

"आमाला कसला चातुर्मास? द्या हिकडं, इकत घेते."

"तुझा पैसा मला नको! फुकट ने!"

"हारा बी नेऊ?"

"ने!"

ती सगळं घेऊन गेली, आणि वर आवाज माझाच मोठा!

कार्तिकी झाली. रोजाबाय कोवळी, काटेरी वांगी घेऊन दारात हजर. "आता तरी घ्या, रावसाब. अर्ध्यात देते." सारी आळी कान देऊन उभी. ती वांगी बघताच मी त्या गाईसारखं तोंड फिरवलं. तरी छाती काढून म्हणालो, "नको! एकदा बोललो ते बोललो!" शब्दाचा पक्का माणूस, असं तेव्हापासून सगळे मला म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

लोक काशीला जातात, तेव्हा कुठे त्यांची एखादी आवडती भाजी सुटते. माझं कल्याणलाच भागलं!