काळी एक

सरांचा सा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला होता, म्हणून आम्हा सगळ्या पोरींचाही काळी एकला. बस्स, एवढंच कारण. पेटीवरच्या कोणत्या पट्टीला सा धरायचा, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर ठरतं. पुरुषाची पट्टी बहुतेक बायकांना फार चढी पडते. हे गाणं शिकवणाऱ्या माणसाला माहीत नसेल? होतं, चांगलं माहीत होतं. पण पोरींसाठी पट्टी बदलायची म्हणजे दुसरा तबला काढा, पेटीवर दुसरीकडे बोटं टाका. एवढी तसदी कोण घेणार? अकोल्यातल्या त्या क्लासात कोणी कुरकुर केलीच, तर सर म्हणायचे, "आवाज चढवा गं! मागच्या रांगेले ऐकू नाही आलं त काय कामाचं?"

मी सगळ्यात जास्त चढवायची. मूर्ख होते. स्पर्धेतून कप आणायची आणि घरी आल्यावर मायला खुणेनं पाणी मागायची. अकरावीत आवाज फाटला तो फाटलाच. अमरावतीच्या डॉक्टरांनी घशात बघून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. कित्येक महिने मी गप बसले. बोलणं परत आलं, गाणं नाही आलं. सा धरला की अर्धा सूर आणि अर्धी हवा. सरांना सांगायला गेले तर बाकीच्या पोरींसमोर म्हणाले, "गळाच कच्चा होता हिचा." ते वाक्य आठवलं की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

गाता येत नाही आणि गाण्याशिवाय काही येत नाही, अशा बाईनं काय करावं? जे मिळालं ते केलं. सध्या अमरावतीत एका शाळेत तासिकेवर संगीत शिकवते. तिथं माझा तास गणितवाल्या बाई हक्कानं उचलून नेतात. एप्रिलमध्ये भीमगीतांच्या पार्टीत पेटी धरते, श्रावणात भजनी मंडळात. लग्नाआधी वरमायांना गाणी बसवून देते, त्यांना दोन दिवसांत सगळं पाहिजे असतं. निवडणुकीत प्रचाराच्या गाण्यांना चाली लावते. एकदा तर दोन विरोधी उमेदवारांना एकच चाल खपवली, दोघांनाही पत्ता लागला नाही. घरी संध्याकाळी क्लास. आणि वर्षातून एकदा संगीताच्या परीक्षांची परीक्षक. लोक म्हणतात, किती छान, सतत सुरांत असता! काय डोंबलाचं छान. एस.टी.त पेटी कडेवर घेऊन मोर्शीपर्यंत उभ्यानं जाऊन दाखवा म्हणावं.

दोन वर्षांपूर्वी नेमणुकीचं पत्र आलं ते अकोल्याचं. केंद्र सरांचंच. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. सर दारातच उभे, डोक्याचे केस पांढरे झालेले, आवाज तसाच. "ही माझीच शिष्या बरं का!" जमलेल्या आईबापांना सांगून राहिले होते. माझ्या अंगावर शाल टाकली. मी हात जोडले, वाकले नाही.

परीक्षा सुरू झाली. पहिली पोरगी काळी एक. दुसरी काळी एक. मी दात आवळून मार्क देत होते. तिसरी दहावीतली होती. तिनं "राग भूप" म्हटलं तेव्हाच आवाज खरखरीत आला. गायला लागली तर मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले, वरच्या 'सा'पाशी हवा सुटली. मला बसवेना.

"थांब बाळा," मी म्हणाले. पेटीवर खालची काळी चार दाबली. "इथून गा."

"तबला नाही लागणार त्या पट्टीत," मागून सर.

"तबला राहू द्या. हातावर ताल देईल ती."

पोरगी घाबरत गायली. हवा सुटतच होती, पण मान सैल पडली. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आपल्याला हे जमतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

सर उसळले. "आवाज पडला पोरीचा! असं गाऊन मार्क कसे भेटतीन?"

"सर, माझा गळा कशानं गेला, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तू परीक्षा घ्याले आली का भांडाले?"

"दोन्ही."

मी पोरीला पास केलं, तिचा काय दोष? दहावीचे वाढीव मार्क मिळतील म्हणून तर तिच्या आईनं तिला इथं घातलेलं. ती आई बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी सरळ तिच्याकडे गेले. सर मागोमाग आलेच.

"पोरीला घशाच्या डॉक्टरकडे न्या," मी म्हणाले. "इथलं गाणं आजपासून बंद. दर रविवारी अमरावतीला माझ्याकडे आणा."

"पण मॅडम, सर काय म्हणतीन?"

आमच्या गाण्याच्या दुनियेत दुसऱ्याचा शिष्य पळवणं म्हणजे महापाप. तेही परीक्षकानं, त्याच्याच केंद्रावर, त्याच्याच तोंडावर.

"ते इथंच उभे आहेत," मी म्हणाले. "सर, मी ही पोरगी पळवून राहिली. करा तक्रार."

त्यांनी केली. त्यानंतर मला नेमणुकीचं पत्र आलेलं नाही. नको येऊ दे, माझं खेटर अडलंय.

पोरीच्या घशातही गाठीच निघाल्या, पण लहान. वेळेवर आली, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिने तिनं बोलायचंही नाही असं ठरलं. तरी माय-लेकी दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं यायच्या. पोरगी वही घेऊन बसायची, इतरांचं ऐकायची, प्रश्न लिहून दाखवायची.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या रविवारी मी तिला समोर बसवलं. तिनं सवयीनं वहीतच लिहिलं, "मॅडम, आधी तुम्ही सा म्हणून दाखवा. मी तसाच म्हणते."

क्लासात शिकवायची हीच तर रीत. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं उचलायचं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या 'सा'पाठोपाठ तिनं हवाच उचलली असती. मी पेटीचा भाता ओढला आणि काळी चारवर बोट ठेवलं. त्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही.