आखाडातली लढाई

परवा गडचिरोलीला जाताना सावली गावापाशी बस थांबली आणि खिडकीतून चिखलाचा, धानाच्या कोवळ्या रोपांचा वास आला. मी थेट पन्नासच्या दशकातल्या माझ्या नववीच्या वर्गात जाऊन बसले.

पुण्याकडून आलेल्या इतिहासाच्या गुरुजींनी जुन्या राजांवरच्या एका पुस्तकाचं परीक्षण लिहायला सांगितलं होतं. "नुसती स्तुती नको, चूक दिसली तर दाखवा." छापलेल्या पुस्तकात कुठली आलीय चूक! सगळ्यांनी स्तुतीच लिहिली. मी मात्र शेवटी भीत भीत एक ओळ घातली: एका राजाने आषाढात गावोगावचे शेतकरी गोळा करून लढाई केली, हे पटत नाही.

गुरुजींनी भर वर्गात उभं केलं. "का पटत नाही?"

धानाच्या रोवण्याच्या चिखलाने नखं अजून काळी होती, ती मुठीत लपवत मी म्हटलं, "आखाडात त रोवणा रायते, गुरुजी. धान लावाचं सोडून मानसं लढाईले काऊन जातीन?"

गुरुजी एकदम खो खो हसत सुटले. "मग लढाई ठेवायची तरी केव्हा?"

"धान कापल्यावर!" अख्खा वर्ग ओरडला.

त्यांनी फळ्यावर लढाईपुढे लिहिलेला आषाढ पुसला आणि ठसठशीत अक्षरात मार्गशीर्ष लिहिलं. आम्ही बाकं बडवली.

तेव्हा वाटलं, गुरुजींना हरवलं. हरल्याचा आनंद आमच्याहून त्यांनाच जास्त झाला होता, हे फार उशिरा कळलं. अजूनही कुठला राजा लढाईला निघाल्याचं वाचलं, की मी आधी महिना बघते.