सातव्या नकलेतले आजोबा

एकोणीस वर्षांची असताना मी कुंभकोणमला एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे माणसांचे चेहरे रंगवायला शिकत होते. आमच्या घरात जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मास्तर तमिळमध्ये रागवायचे, आणि रोज रागवायचे.

शिकवायला त्यांच्याकडे एकच चेहरा होता: परदेशी मासिकातून कापलेलं, कुणा थोर चित्रकाराचं चित्र. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला, विरळ मिशांचा एक म्हातारा. मास्तर म्हणायचे, "नाक कुणालाही काढता येतं. त्याला काय वाटतंय ते काढ."

सात महिने मी त्याला काय वाटतंय ते शोधत होते. पहिल्या नकलेत त्याची दाढ दुखत होती. तिसरीत तो शिंक थोपवून बसला होता. पाचवी बघून मास्तर म्हणाले, "याला काहीच वाटत नाही. हा कचेरीत बसलाय." सातव्या खेपेपर्यंत मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग यायला लागला होता. ती नक्कल मास्तरांना न दाखवताच मी घरी आणली आणि वाळायला माजघरात भिंतीला टेकवून ठेवली.

त्याच दुपारी पापनाशमहून आत्या आली. चित्राकडे लक्ष गेलं आणि तिने हात जोडले.

"अण्णा!"

अण्णा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, या समजुतीपायी त्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर तोंड केलं नव्हतं. मी जन्मायच्या आधीच ते गेले.

"आत्या, हा कुणीतरी परदेशातला माणूस आहे."

"गप गे. मला माझा बाप कळत नाही?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून आले. आधी हसले. मग वाकून बघितलं आणि हसायचे थांबले. "कान तर अण्णांचेच."

संध्याकाळपर्यंत चित्र भिंतीवर गेलं, हार चढला. आत्याला एकच गोष्ट खटकत होती: कपाळ मोकळं, टिळा नाही. आम्ही वैष्णव. तिने मला ब्रश आणायला लावला आणि त्या परदेशी कपाळावर माझ्याकडून उभा नाम काढून घेतला. सात महिन्यांत माझा हात इतका स्थिर कधी राहिला नव्हता.

त्यानंतर मी शिकवणीला गेलेच नाही. कोणत्या तोंडाने जाणार? नवव्या दिवशी मास्तरच घरी आले. भिंतीकडे बघून दारातच थबकले.

"डावा डोळा चुकलाय," मास्तर म्हणाले.

"आमच्या अण्णांचा डोळा असाच होता," आत्या म्हणाली.

"अहो अम्मा, मी हा डोळा तीस वर्षं बघतोय!"

"मी त्यांच्या धाकात वाढलेय!"

शेवटी मास्तरांनी पिशवीतून मूळ चित्र काढून तिच्यापुढे धरलं. आत्याने ते निरखून पाहिलं.

"हा कोण? याचं आणि अण्णांचं काय साम्य? हा नुसता बसलाय. आमचे अण्णा बघताहेत."

मास्तरांनी चित्र भिंतीवरच्या चित्राशेजारी धरलं. कधी इकडे, कधी तिकडे पाहिलं. मग ते बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

"तू नक्कल करताना चुकलीस," ते म्हणाले.

"हो."

"तशीच चूक पुन्हा करता येईल?"

दिवाळीपर्यंत मी प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी वैतागून मास्तरांनी मासिकातलं ते चित्र पेटीत टाकलं आणि स्वतःच माझ्यासमोर खुर्चीत बसले. "मला काढ."

तीन आठवडे लागले. झाल्यावर त्यांची बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली, चित्राकडे बघून म्हणाली, "आणखी एक कॉफी मागावी की नको, असं चाललंय यांच्या मनात."

मास्तर ओशाळले. खरंच तेच चाललं होतं, असं त्यांनी कबूल केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या चित्रातली एकही चूक काढली नाही, आणि मला मात्र उगीचच चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.